बंबाची गाडी

शुक्रवारी सकाळी भावकू ड्रायव्हर परसातल्या दगडावर तोंड धुवायला बसला आणि चौथा तांबा ओतला तरी पाणी काळंच वाहत राहिलं. कोळशाची भुकटी नाकाच्या कडेला, कानाच्या पाळीमागं, मिशीच्या मुळाशी अशी बसली होती की शिकेकाईलाही दाद देईना. पौषातली थंडी होती. बेळगावात त्या दिवसांत नऊ-दहा वाजेतो धुकं जागचं हलत नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर गुणा बापाचीच जुनी घोंगडी अंगावर घेऊन शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

"बाई, अजून एक बंब तापीव," भावकू म्हणाला. "एका बंबात ह्यो माणूस उजाळायचा न्हाय."

"तुमचा बंब तर तुमच्या गाडीच्या पाठीवर आहे. तिथंच घ्यायचं होतं ऊन पाणी."

"त्यातनं पाणी न्हाय येत, वायू येतोय. तूच लिवलंयस."

ती हसली, पण वहीतून डोकं काढलं नाही. अठ्ठेचाळीस वह्या होत्या आणि अजून निम्म्याही झाल्या नव्हत्या.

महायुद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि कुपनंही मिळेनाशी झाली होती. बेळगाव-निपाणी मोटार चालवणाऱ्या रघुवीरशेटनी मग मुंबईहून एक यंत्र आणवलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला जोडून घेतलं. माणसाच्या उंचीचं लोखंडी नळकांडं, वरून झाकण, खाली जाळी. त्यात खानापूरच्या जंगलातला लोणारी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, पाव तास हातानं पंखा फिरवायचा, की कोळशाचा वायू नळीतून इंजिनात जाऊन गाडी चालायला लागायची. इंजिन पहिल्यांदा सुरू करायला तेवढं घोटभर स्पिरिट लागे. कुठल्याशा साखर कारखान्यात उसाच्या मळीपासून काढलेलं, डब्यातून येणारं. कागदोपत्री त्या यंत्राला मोठं नाव होतं. पण अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्याच्या त्याच्या घरी होता, आणि हे धूड दिसायला थेट तसंच. पहिल्याच आठवड्यात लोकांनी 'बंबाची गाडी' असं नाव ठेवून टाकलं.

गाडीला वेग नव्हता. वंटमुरीचा घाट आला की तिचा जीव जाई. माणसं मुकाट्यानं उतरत आणि मागून ढकलत. "अर्धं तिकीट बसायचं, अर्धं ढकलायचं," असं प्रवासी म्हणत, आणि भावकू खिडकीतून डोकं काढून सांगे, "ढकलणाऱ्याला वरच्या अंगाला फुकट हवा हाय, बसणाऱ्याला न्हाय." तीस वर्षं झाली होती त्याला गाड्या हाकायला लागून. आधी बैलांच्या, मग एका वकिलाची मोटार, मग ही. अपघात एकही नाही. दारूचा थेंब नाही. तोंडात पान तेवढं असायचं.

तो गुणाला 'बाई' म्हणे. पूर्वी 'गुणे' म्हणायचा. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा तापानं गेला, तेव्हा भावकू तिला बैलगाडीत घालून माघारी घेऊन आला आणि कुणाला न विचारता शाळेत घालून मोकळा झाला. ती शिकली, ट्रेनिंग कॉलेजातून पास झाली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, त्या दिवसापासून तोही इतरांसारखा 'बाई' म्हणायला लागला. आधी थट्टेनं, मग सवयीनं, मग खरोखरच्या आदरानं. तिला ते आवडत नव्हतं. पण हे सांगायचं राहून गेलं होतं, तसं पुष्कळच राहून जाई. पगार झाला की ती वाचनालयाची वर्गणी भरी, मराठी झाली की इंग्रजी, मिळेल ते वाची. घरात बोलताना ती 'नाही' म्हणे आणि बाप 'न्हाय' म्हणे. पहिली एक-दोन वर्षं ती त्याला सुधारायची. पुढं तिनं सोडून दिलं. पण तोवर त्याचं तिच्यासमोरचं बोलणंच कमी होऊन गेलं होतं.

तिच्या हातातल्या वहीत निबंध होता, 'माझी आई'. मुलीनं लिहिलं होतं, 'आई रातच्याला चुलीत इस्तू राखून ठेवती.' गुणानं तांबड्या शाईनं 'इस्तू'भोवती गोल काढला आणि वर 'विस्तव' असं लिहिलं.

भावकू आत येऊन चुलीजवळ टेकला आणि दोन्ही तळव्यांनी डोकं धरून बसला. "लई धरलंय परवाधरनं. मळमळतंय बी."

"घाटातलं ऊन लागलं असेल."

"पौषात कसलं ऊन गं."

"मग थंडी. सुंठ उगाळून देते, कपाळाला लावा."

तिनं सुंठ उगाळून दिली. त्यानं लावली, भाकरी खाल्ली, खाकी कोट चढवला. भरमा क्लीनर दारात येऊन उभाच होता. पन्नाशीचा, एका पायानं लंगडा, भावकूच्याच गावचा. सकाळची गाडी घेऊन निपाणी, रात्रीचा मुक्काम तिथंच, दुसऱ्या दिवशी माघारी, असा त्यांचा नेहमीचा क्रम.

भावकू दाराशी थांबला. "बाई, तुज्या त्या कागदात अकरावा नंबर हाय बग..."

"काय त्याचं?"

त्यानं तिच्या मांडीवरच्या वह्यांकडं पाहिलं. "न्हाय, ऱ्हाऊ दे. तुजं काम पडलंय."

"सगळं नीट लिहिलंय त्यात आप्पा. वाचा की जरा."

"वाचतो की," तो म्हणाला आणि गेला.

तो कागद तिनंच लिहिलेला. दसऱ्याआधी यंत्र आलं तेव्हा सोबत इंग्रजी पुस्तिका आली होती. रघुवीरशेटना इंग्रजी सही करण्यापुरतं येई. ते भावकूला म्हणाले, "तुझी लेक शिकलेली आहे, तिच्याकडून ह्याचं मराठी करून आण." ड्रायव्हरच्या लेकीकडं मालकानं काम सांगून पाठवलं होतं. तिनं चार संध्याकाळी शब्दकोश घेऊन काम केलं. सोळा नियम, एकाच पानावर, बोरूनं, टपोऱ्या अक्षरांत. झाल्यावर तिनं बापाला वाचून दाखवलं. अकरावा नियम असा होता: 'संयंत्र प्रज्वलित अवस्थेत बंदिस्त स्थळी ठेवू नये, तज्जन्य वायू निर्गंध असून जीवितास बाधक होय.' आणि बारावा: 'शिरोवेदना व वमनेच्छा ही पूर्वलक्षणे समजावीत.'

"वायू तर मला आधीच हाय," भावकू तेव्हा म्हणाला होता. "हरभऱ्याची डाळ खाल्ली की बादतीच."

तिला राग आला होता. चार संध्याकाळच्या कामावर असला विनोद. ती कागदाची गुंडाळी करून म्हणाली होती, "थट्टा करायची असेल तर नका ऐकू." त्यानं हसू आवरलं. मग म्हणाला, "लई झ्याक उतरलंय. वकिलाच्या तोंडात शोभंल असं." त्यालाही त्यात अभिमानच होता. शेटनी त्या कागदाला काच लावून घेतली आणि तो मोटार-स्टँडवरच्या शेडच्या ओसरीवर टांगला. दोन नकला काढून एक गाडीत ठेवली, एक निपाणीच्या मुक्कामी.

शनिवारी अकराच्या सुमाराला तिसरीच्या वर्गात ती पाढे म्हणून घेत होती, तेव्हा खिडकीबाहेर भरमा दिसला. तो नुसता खिडकीचा गज धरून उभा होता. ती बाहेर आली.

"आप्पा उठंनात," तो म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते अशा वेळी सगळ्यांकडं होतं तसंच झालं. संध्याकाळी दुसऱ्या मोटारीतून भावकूला आणलं. चेहरा तांबूस होता, गालांवर लाली, झोपलेल्या निरोगी माणसासारखी. आलेली माणसं त्या चेहऱ्याकडं पाहत आणि मग एकमेकांकडं. निपाणीच्या डॉक्टरनं थंडीनं हृदय बंद पडलं असं लिहून दिलं होतं. खाकी कोटाला स्पिरिटचा वास येत होता.

गोष्ट कशी पसरली ते गुणाला चौथ्या दिवशी कळलं, कारण चौथ्या दिवशी रघुवीरशेट भेटायला आले. त्यांनी बूट काढले, खाली सतरंजीवर बसले. माणूस वाईट नव्हता.

"तीस वर्षांत माझ्या माहितीत त्यानं कधी घेतली नव्हती," ते म्हणाले. "पण थंडी तशी होती. स्पिरिटचा डबा उशाशी सापडला, निम्मा रिकामा. मळीचंच ते, शेवटी दारूच. माणूस म्हणतो, घोटभर घेऊ."

"माझे वडील घेत नव्हते."

"मी कुठं म्हणतो रोज घेत होता? एकदाच झालं असेल. आपण बाहेर कुठं बोलायचं नाही, म्हणजे झालं."

पण बोललं जात होतंच. नळावर बोललं जात होतं. शाळेतल्या एका बाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "शेवटी माणूस आहे, मनाला लावून घेऊ नका." आत्या शालूबाई सुतकाचे दिवस संपेपर्यंत राहायला आली होती. ती म्हणाली, "माजा भाऊ पिणारा न्हवं. पर मेल्यावर त्यानं येऊन सांगावं काय?" गुणा कुणाशी भांडली नाही. तिला भांडायचं त्राण नव्हतं. रात्री झोप लागे, सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यासारखं वाटे, दिवसभर कुणी ना कुणी येई, तेच विचारी, तेच सांगे, चहा पिई, जाई. ती मान हलवी. तिला वाटे, हे संपलं की आपण नीट बसून विचार करू. कसला विचार ते ठाऊक नव्हतं.

तेरावं झालं. दुपारी माणसं पांगली. भरमा मागं राहिला होता. भांडी घासून दिली, अंगण झाडलं, आणि मग परसातल्या दाराशी भाकरीचं ताट घेऊन बसला. शालूबाईनं चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली, निखारे एकावर एक रचले आणि वर फावडीनं राख ओढून सारखी केली. संध्याकाळच्या स्वयंपाकाला फुंकर मारली की पेटेल अशी. काड्यापेटीचा तुटवडा होता, रॉकेल त्याहून. घरोघर हेच चाललं होतं, आणि युद्ध नव्हतं तेव्हाही हेच चालायचं.

भरमानं घास ताटात ठेवला.

"आप्पा बी तसंच करायचं," तो म्हणाला.

"काय करायचं?"

"इस्तू राखायचं. बंबात. म्या इचारलं त्या दिशी, इजवू काय आप्पा, पाणी मारू काय? न्हाय म्हणालं. सकाळी पुन्ना पेटवायला काडी कुठली, आन् पाव तास पंका फिरवून ह्या वयात छाती भरून येती. राख ओड वर, म्हणालं. झाकण घाल. जाळ दिसाय नगं."

गुणा उंबऱ्यावर बसली होती. ती उठली नाही. "गाडी कुठं होती?"

"वखारीत. रोजच्या जागी. तंबाखूची वखार न्हवं का, शेटनं निम्मी भाड्यानं घेतलीया. आदी बाहेरच लावायचो गाडी. ह्या खेपेला थंडी म्हणून पंदरा दिस झाले, आत घेत हुतो. दारं लावून. पान वाळू नये म्हणून फटींस्नी कागद चिकटवल्यात बगा, वारा म्हणून शिरत न्हाय, लई ऊब. आप्पा गाडीतच मागच्या बाकावर निजायचं, बंबाला पाठ लावून. मी भनीच्या घरी जायचो." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मी बी तितंच निजलो असतो तर..."

"भरमाअण्णा, कागदात लिहिलं होतं की. बंद जागेत ठेवू नये म्हणून."

"लिवलंय की. आप्पा वाचायचं की रोज. बोट ठेवून. मला बी वाचून दावायचं, माजी लेक काय लिवती बग म्हणून." भरमाला सांगायला बरं वाटत होतं. भावकूचं कौतुकच होतं त्यात. "म्या त्या दिशी म्हणालो, आप्पा, अकराव्या नंबरात आत ठेवू नगा असं कायतरी हाय न्हवं? तर म्हणालं, तू अडाणी हाईस. प्रज्वलित ठेवू नगा असं हाय. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तवा वकील म्हणालं न्हाईत का, आता दीप प्रज्वलित करूया? समई लावली, जाळ उठला, त्ये प्रज्वलित. हितं जाळ कुठाय? राख तर हाय. आन् धूर बी न्हाय, वास बी न्हाय."

"आणि बाधक?"

"वायू बादतोय म्हणालं. जरा डोकं धरतंय, बाईनं सुंठ दिलीया."

शालूबाई चुलीवरची राख थापटत होती. गुणा तिच्या हाताकडं पाहत राहिली.

"बाईला इचारणार हुतो म्हणालं त्या सकाळी," भरमा सांगतच होता. "गाडीत बसल्यावर म्हणालं, इचारायचं हुतं पर तिच्या मांडीवर वह्या हुत्या. आन् बापानं लेकीला शबूद इचारायचा म्हंजे कसं व्हतंय."

तो जेवून गेला तेव्हा तिनं ट्रंकेतून इंग्रजी पुस्तिका काढली आणि आपला कच्चा मसुदा काढला. दोन्ही मांडीवर ठेवून वाचलं. भाषांतरात एकही चूक नव्हती. प्रत्येक शब्द बरोबर होता. परीक्षेला ठेवलं असतं तर कुणीही पूर्ण गुण दिले असते. इंग्रजीत मात्र ते अगदी साधं होतं, गिरणीतल्या माणसाला सांगावं तसं. पेटलेलं यंत्र बंद खोलीत ठेवू नका, वास येत नाही पण माणूस मरतो. तिनंच ते उचलून उंचावर नेऊन ठेवलं होतं. पेटलेलं म्हणजे प्रज्वलित. मरतो म्हणजे जीवितास बाधक. बाराव्या नियमापाशी ती थांबली. शिरोवेदना, वमनेच्छा. हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी तिच्या चुलीपाशी बसलेल्या माणसाला शिरोवेदना झालेली तिला दिसली नाही; दिसलं ते डोकं दुखणं. आपलंच वाक्य समोर डोकं धरून बसलं होतं आणि तिनं त्याला सुंठ लावली होती.

रडू आलं नाही. थकवा आला, एवढा की पुस्तिका उचलून ट्रंकेत परत ठेवण्याइतकंही बळ हातात उरलं नाही.

एक गोष्ट तिला सरळ दिसत होती. गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं. गावाची चर्चा वर्षभरात विरते, गेलेल्या माणसाला कशाचं काय. भरमाला आपण काय सांगितलं हे कळलेलं नव्हतं, आणि ते कधी कळणारही नव्हतं. बापावरचा दारूचा डाग पुसायचा तर दुसरा डाग कुणावर तरी घ्यावा लागणार, आणि तो 'कुणीतरी' कोण हे ठरलेलंच होतं. शाळेत पोरी कुजबुजतील. ड्रायव्हरची लेक, शहाणपणा करायला गेली आणि बाप घालवून बसली. तिला हे शब्दसुद्धा ऐकू येत होते, बेळगावातल्या बोलीत, जसेच्या तसे.

सकाळी ती शाळेला निघाली आणि मोटार-स्टँडवरून गेली. तो तिचा रस्ता नव्हता.

धुक्यात बंबाची गाडी उभी होती. नवा ड्रायव्हर रवळू, तिशीचा, अंगानं दांडगा, कोळशाचं पोतं झाकणातून आत रिकामं करत होता. भरमा पंखा फिरवत होता. बाकीच्या मोटारींचे दोघं-तिघं ड्रायव्हर शेडच्या पायरीवर चहा घेत होते. तिला पाहून ते उठले. रवळूनं हात पुसले.

"या बाई. आज पैलीच खेप. आप्पांच्या जागी बसायचं म्हंजे कसंतरीच वाटतंय बगा."

"आज मुक्काम निपाणीलाच?"

"व्हय की. वखारीतच. बाहेर माणूस गोठतंय."

"आणि बंब?"

"राखून ठिवायचा. आप्पा ठेवायचं तसाच." त्याला तिच्या चेहऱ्यात काहीतरी दिसलं असावं. तो समजुतीनं हसला. "तुमी काळजी करू नगा. मी घेत न्हाय. माळ हाय माज्या गळ्यात. मला काय होत न्हाय."

पायरीवरचा एक जण म्हणाला, "उशाला डबा ठेवायचा न्हाय म्हंजे झालं," आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

ती तिथंच उभी राहिली. आतापर्यंत ती गोष्ट तिच्या बापाची आणि तिची होती, फार तर गावाची. आता ती या माणसाची झाली होती. दारूनं माणूस मेला, हा न पिणारा, म्हणून हा निर्धास्त. आज संध्याकाळी हा दारं लावून घेईल, बंबाला पाठ लावील.

शेडच्या ओसरीवर काचेची चौकट टांगलेली होती. तिनं ती खिळ्यावरून काढली. रघुवीरशेट आतून तिकिटांचं पुस्तक हातात घेऊन बाहेर आले. "काय झालं, बाई? आठवण म्हणून हवी असेल तर न्या घरी. माझी ना नाही."

"अकरावा नियम वाचा, रवळूअण्णा."

रवळूनं चौकट घेतली, काचेवरचं धुकं बाहीनं पुसलं, आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. 'तज्जन्य'ला अडखळला. बाकीचे ऐकत होते.

"काय कळलं?"

तो ओशाळला. "आता बाई, तुमचं लिवणं म्हंजे... प्रज्वलित म्हंजे दिवा लावत्यात त्ये. जाळ करून आत ठेवू नगा, आग लागंल, असं आसंल."

"बाधक?"

"बादतंय. पडसं-बिडसं."

"पाहिलंत?" ती रघुवीरशेटना म्हणाली. "माझे वडील दारू प्यायले नाहीत. डबा उशाला ठेवला असेल तो थंडीनं स्पिरिट गार पडू नये, सकाळी इंजिन लवकर घ्यावं म्हणून. निम्मा डबा गाडीनंच प्यायला असेल, आठ दिवसांत. ते ह्या कागदानं गेले. हा कागद मी लिहिलाय. त्यांना तो कळला नाही, कारण कळू नये असाच मी तो लिहिला होता."

"बाई, आता कशाला हे," शेट हळू आवाजात म्हणाले. "तुमच्यावर येतंय."

"माझ्यावरच आहे."

भरमानं पंखा थांबवला. पंखा थांबल्यावर बंबातून येणारी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. तिला वाटलं होतं की इथं पुढं नीट समजावून सांगता येईल: वायू म्हणजे काय, तो रक्तात कसा भिनतो, चेहरा तांबूस का होतो. हे सगळं तिनं आदल्या दिवशी पुन्हा वाचलं होतं. वाक्यं तयार होती. पण रवळू तिच्याकडं पाहत होता, हातात चौकट, नाकाच्या कडेला कोळशाची भुकटी, डोळ्यांत थोडी भीती आणि थोडा आदर. त्या आदराला ती चांगली ओळखत होती. तो आदर असला की माणूस शब्द विचारत नाही.

तिनं चौकट त्याच्या हातातून काढून घेतली आणि पालथी करून पायरीवर ठेवली.

"रवळूअण्णा, ऐका," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून आलं ते रवळूला उद्देशून आलं नाही. शाळेत मास्तरीण झाल्यापासून दहा वर्षांत ती भाषा तिनं वापरली नव्हती. आवाज मोठा नव्हता, पण पायरीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"आप्पा, इस्तू राखू नगा. पाणी मारून पुरता इजवा. राखंखालचा इस्तू बी माणूस मारतोय, वास येत न्हाय, धूर येत न्हाय, झोपंतच मारतोय. डोकं दुखालंय म्हंजे त्योच हाय त्यो, आप्पा. सुंठ लावू नगा. दार उघडा आन् बाहेर या."